माझ्या मुळांना श्वास हवा होता

मित्रांनो, मी एक जुना भूलभुलैया आहे. श्रूझबरी गावाच्या दक्षिणेला, विदरली नावाच्या मोठ्या घरामागच्या हिरवळीवर मी उभा आहे. खरे सांगायचे तर, माझा जेवढा भाग उरला आहे तेवढा उभा आहे. माझ्या भिंती विटांच्या नाहीत, यूच्या झाडांच्या आहेत. यू म्हणजे तेच काळपट हिरवे, बारीक पानांचे झाड, जे आमच्याकडे प्रत्येक चर्चच्या आवारात थडग्यांना सोबत करते. ते फार हळू वाढते आणि फार हळू मरते. हळू मरणे ही चांगली गोष्ट आहे, असे मला पूर्वी वाटायचे.

मला जन्म दिला तो विदरलीच्या मालकीणबाई ऑनर थर्सबी यांनी. युद्धाच्या काळात इथली हिरवळ नांगरून तिच्यात बटाटे लावले होते. युद्ध संपले, बटाटे निघाले, आणि मागे एक ओबडधोबड रान उरले. ऑनरबाई गणित शिकलेल्या होत्या. सकाळच्या न्याहारीला त्या टोस्टच्या कडा कापून टेबलावर मांडत आणि त्यांच्या भिंती करून वाटा शोधत बसत. एकदा त्यांच्या नवऱ्याने पेपर वाचता वाचता माझी उत्तरेकडची भिंत उचलली आणि मुरंबा लावून खाऊन टाकली.

"अहो, ती भिंत होती!"

"असं होय? मग बाहेर पडायला एक वाट वाढली म्हणायची."

अशा हसत्या टेबलावर माझा आराखडा झाला. मग रोपे आली. गुडघ्याएवढी रोपे, एकमेकांपासून हातभर अंतरावर. पहिली काही वर्षे माझ्यात हरवायला फार सज्जनपणा लागत असे. वरून सगळे दिसायचे, उडी मारून पलीकडे जाता यायचे. तरीही मुले वाट न सोडता फिरत आणि "आम्ही हरवलो! आम्ही हरवलो!" असे आनंदाने ओरडत. त्यांच्या त्या सज्जनपणावर मी वाढलो. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर गेलो, तेव्हा ती मुले स्वतःच आईबाप झाली होती.

ऑनरबाईंनी माझ्यात एक खोडी करून ठेवली होती. एक हात भिंतीला लावून चालत राहिले की कुठल्याही भूलभुलैयाच्या मध्यावर पोहोचता येते, असे पुष्कळ लोकांना वाटते. माझ्या मधल्या वर्तुळाच्या भिंती बाहेरच्या भिंतींना कुठेच जोडलेल्या नाहीत. त्यामुळे हात न उचलता चालणारा माणूस मला पूर्ण वळसा घालतो आणि पुन्हा दारातच येतो. दर रविवारी कुणी ना कुणी बाबा उजवा हात माझ्या पानांवर टेकवून, मागे बायकामुलांची रांग घेऊन, मोठ्या ऐटीत आत शिरत.

"माझ्यामागे या. हे शास्त्र आहे."

पुष्कळ वेळाने मागून एखादी पोर म्हणायची, "बाबा, आपण परत आइस्क्रीमवाल्यापाशी आलो."

"शास्त्राला आइस्क्रीम खायचं असेल," आई म्हणायची.

मित्रांनो, त्या वेळी मला जे वाटायचे त्याला सुख म्हणतात, हे मला नंतर कळले.

मे महिना लागला की माझे दिवस सुरू व्हायचे. श्रूझबरीला येणारी कुटुंबे सकाळी किल्ला पाहत, मग शेतावर जाऊन कोकरांना बाटलीने दूध पाजत, आणि दुपारी माझ्याकडे येत. माझ्या मध्यावर एक लाकडी मचाण आहे. त्यावर नेस्टा बेडोज उभी राहायची. ती इथल्या माळ्याची मुलगी. शाळा सोडल्यावर मचाणावर चढली, आणि केस पांढरे झाले तरी उतरली नाही. रडकुंडीला आलेल्या माणसांना वाट सांगणे हे तिचे काम. तिला कुणाची नावे माहीत नसत, म्हणून ती कपड्यांवरून हाका मारायची.

"ओ लाल मफलर! तिकडं नाही, तिकडं फक्त माझ्या बापाची हातगाडी आहे! डावीकडं वळा, सोन्या, दुसऱ्या डावीकडं!"

तिचा आवाज माझ्या प्रत्येक वाटेत पोहोचायचा. तिला माझे प्रत्येक झाड ओळखू यायचे. कुठे पक्ष्याने घरटे केले आहे, कुठे कातरी जास्त खोल गेली आहे, हे तिला वरून दिसायचे. माझा जमिनीखालचा भाग मात्र तिला दिसत नव्हता. तो कुणालाच दिसत नव्हता.

ऑनरबाई गेल्या. घर त्यांच्या नातवाकडे, जाइल्सकडे आले. जाइल्स वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगतो. पण गावाबाहेर एका मोठ्या कोठारात रंगीत चेंडूंचे हौद आणि घसरगुंड्या सुरू झाल्या, आणि पावसाच्या दिवशी लोक तिकडे जाऊ लागले. आमच्याकडे पावसाचे दिवस पुष्कळ असतात. माझ्या वाटांवर चिखल व्हायचा, बाबागाड्यांची चाके रुतायची. आया चिडायच्या.

"एवढ्या लांब आलो आणि गाडी उचलूनच न्यायची, तर घरी काय वाईट होतं?" एक आई जाइल्सला म्हणाली होती.

जाइल्सला तिचे म्हणणे मनापासून पटले. त्याने माझ्या सगळ्या वाटांवर खडी दाबून कडक, सपाट रस्ता केला. वाटांच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या ठोकल्या. माझ्या कडेने एक जुना चर होता, ऑनरबाईंच्या वेळचा, गवताने झाकलेला. तो बुजवून तिथे बाबागाड्या उभ्या करायला जागा केली. सगळे कसे स्वच्छ, नेटके दिसू लागले. नेस्टासुद्धा म्हणाली, "आता कसं, पाहुणा घरात आल्यासारखं वाटतं."

मित्रांनो, आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझे सगळे दुःख तिच्यात आहे. झाडांची मुळे फक्त पाणी पीत नाहीत, ती श्वासही घेतात. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते, आणि मुळांची कोवळी टोके त्या हवेवर जगतात. माझ्याखाली चिकणमाती आहे. ती भांड्यासारखी पाणी धरून ठेवते. तो चर ते पाणी बाहेर नेत होता. चर बुजला, बाजूंना फळ्या लागल्या, आणि मी एका मोठ्या वाडग्यात उभा राहिलो. त्या हिवाळ्यात पाऊस आमच्या नेहमीच्या पद्धतीने पडला, म्हणजे थांबला नाही. पोकळ्या पाण्याने भरल्या. माझ्या मुळांची टोके एकेक करून काळी पडू लागली.

ज्या मुळाला टोक नाही ते पाणी पिऊ शकत नाही. म्हणून वसंतात माझा आग्नेयेकडचा कोपरा वाळू लागला. मी पाण्यात उभा होतो आणि माझी पाने तहानेने तपकिरी होत होती. वरून पाहणाऱ्याला यातला फरक कळत नाही. फार पाणी झालेले झाड आणि पाणी न मिळालेले झाड, दोघांचा चेहरा सारखाच दिसतो.

त्याच उन्हाळ्यात, इतक्या वर्षांत नव्हता तसा कोरडा काळ आला. हिरवळी पिवळ्या पडल्या. नळीने झाडांना पाणी घालायला बंदी आली. माझ्या बुंध्याशी वरवरची माती तडकली. नेस्टाने मचाणावरून तो तपकिरी कोपरा पाहिला आणि तिच्या तोंडून शब्द निघाले, "तहानलाय गं बिचारा."

मी ओरडलो. मला ओरडता येत नाही, पण जे काही माझ्याकडे आहे त्याने मी ओरडलो. त्याच रात्री आणखी एक फांदी वाळली. त्यावरून त्यांनी ठरवले की मला फारच तहान लागली आहे.

मग सुरू झाले ते प्रेम. मी त्याला दुसरा शब्द वापरणार नाही. इथल्या चहाघरातल्या किटलीतले उरलेले पाणी, भाज्या धुतलेले पाणी, अंघोळीचे पाणी, सगळे माझ्या बुंध्याशी येऊ लागले. नेस्टाने प्रत्येक झाडाला व्यवस्थित आळे करून दिले, म्हणजे एक थेंबही वाया जाऊ नये. सगळ्यात पुढे होती मॉरीन टिप्टन. ती गावात टपाल वाटायची, आता निवृत्त झाली होती. लहानपणी, मी गुडघ्याएवढा असताना, ती माझ्यात सज्जनपणे हरवलेली होती. ती रोज श्रूझबरीहून बसने यायची, मांडीवर झाकणाची बादली धरून. बसचा चालक तिला विचारायचा, "काय मॉरीनताई, आज मासे धरलेत की काय?" आणि ती म्हणायची, "तुझं तोंड धुवायला आणलंय, गप गाडी चालव."

"नेस्टा, हे बघ," ती आल्या आल्या सांगायची, "बिनसाबणाचं आहे बरं का. नवऱ्याला सांगितलं, अंघोळ कर पण फेस करू नकोस. तो म्हणतो, त्या झुडपाशी लग्न का नाही केलंस?"

"अगं, किती करतेस तू," नेस्टा म्हणायची.

बादली रिकामी व्हायची. पाणी वरच्या भेगांमधून सरळ खाली जायचे. वर माती पुन्हा कोरडी व्हायची, आणि खाली वाडगा आणखी भरायचा. मी दिवसाला किती मेलो याचा हिशेब मी ठेवला नाही. मला फक्त दिशा कळत होती. आग्नेयेकडून मध्याकडे. जाइल्स एके दिवशी मचाणाखाली आला आणि नेस्टाला म्हणाला, "हे बघ, मला हे बोलणं जिवावर येतंय. पण उन्हाळा संपेपर्यंत हा सावरला नाही, तर उपटून टाकावा लागेल. वाळलेला भूलभुलैया बघायला कोण येणार? लोक तर विचारतातच, तुमच्याकडं पोरांनी उड्या मारायचा तो हवा भरलेला मोठा फुगा का नाही म्हणून."

नेस्टाने मान डोलावली. त्यानंतर ती बादल्या भरभरून स्वतःही ओतू लागली.

आणि मग, जुलैच्या एका दुपारी, एक आजोबा दोन नातींना घेऊन आले. थोरलीचे नाव इडी, धाकटीचे पोझी. माझ्या वाळलेल्या भागात आता फटी पडल्या होत्या, आणि पोझीला फट दिसली. ती वाट सोडून सरळ फटीत घुसली. पाय माझ्या आळ्यात पडला, वरचा कोरडा पापुद्रा फुटला, आणि गमबुटासकट पाय मांडीपर्यंत आत गेला.

"शी! कोण पादलं?" पोझी किंचाळली.

"आजोबा!" इडी म्हणाली.

"मी? मी सकाळपासून नुसता टोस्ट खाल्लाय."

"टोस्टवर अंडं होतं! दोन होती!"

"अगं, पण माझं असं नसतं. हे... हे बाप रे, हे कुणा म्हाताऱ्या घोड्याचं आहे."

नेस्टा मचाणावर हसून हसून वाकली. "भांडण नंतर मिटवा! आधी त्या पोरीला बाहेर काढा! थांबा, मीच येते." ती खाली उतरली, माझ्या वाटांमधून पोहोचली, गुडघ्यावर बसली आणि पोझीच्या पायाला धरून ओढू लागली. चिखलाने मोठा आवाज केला, तेव्हा दोन्ही पोरी पुन्हा आजोबांकडे बघून खिदळल्या. पाय निघाला. बूट राहिला. नेस्टाने बाही वर करून बुटासाठी हात आत घातला. अजून ती हसत होती.

हात बाहेर आला तो कोपरापर्यंत काळा होता. आणि खड्डा तिच्यासमोर आपोआप भरू लागला, खालून, पाण्याने. महिनाभर आभाळातून थेंब पडला नव्हता. तिने हात नाकाशी नेला. सडक्या अंड्यांचा वास. हवा नसलेल्या मातीत जे कुजते, त्याचा तो वास असतो. नेस्टा माळ्याची मुलगी होती. तिचे हसणे थांबले.

"काय झालं, आजी?" पोझीने विचारले.

"काही नाही, राणी. हा घे तुझा बूट."

मित्रांनो, तिला कळले! त्या क्षणी मला वाटले की मी वाचलो. माझे मधले वर्तुळ तेव्हा पूर्ण हिरवे होते, आणि उत्तरेकडच्या भिंतीसुद्धा. आता ती जाइल्सला सांगेल, चर उकरतील, बादल्या थांबतील. मी वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी मॉरीन आली. घामाने ओली, झाकणाची बादली घेऊन. "बसमध्ये एका म्हातारीनं जागा दिली गं मला," ती म्हणाली. "म्हणाली, भूलभुलैयाची बादली का? मग बसा. अख्ख्या बसला ठाऊक झालाय आपला भूलभुलैया."

नेस्टाने तोंड उघडले. मला तिचा श्वास ऐकू आला.

"किती करतेस गं तू," ती म्हणाली. "जरा... जरा पसरून ओत हं. एका जागी नको."

तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण मी इथल्या माणसांमध्ये जन्म काढला आहे. ही माणसे पाय तुडवणाऱ्यालाच "माफ करा" म्हणतात. ताटातले खारट झाले तर "वा, छान" म्हणतात आणि पाणी पितात. समोरच्याने मनापासून आणलेली वस्तू नको म्हणणे, हे त्यांना चोरी करण्यापेक्षा अवघड जाते. मग इतके दिवस मांडीवर बादली घेऊन येणाऱ्या बाईला "तू त्याला मारते आहेस" असे कसे म्हणायचे? आणि तहान लागली आहे असे पहिल्यांदा बोलली कोण, तर नेस्टाच. ती जाइल्सकडेही गेली होती. पण तो तिच्याकडे उजळलेल्या चेहऱ्याने धावत आला.

"नेस्टा, ऑगस्टच्या सुट्टीच्या सोमवारी अख्खं गाव येतंय! प्रत्येक घरातून एक बादली! बँड सांगितलाय! लोकांचा जीव आहे गं याच्यावर, मला माहीतच नव्हतं!"

"वा," नेस्टा म्हणाली. "छान."

ती रोज संध्याकाळी एकटी येऊन माझ्या आळ्यांमधून डब्याने पाणी उपसायची. ती एक म्हातारी, आणि मी एवढा मोठा वाडगा. सकाळी बादल्या पुन्हा यायच्या. त्या दिवसांत माझी उत्तरेकडची भिंत गेली. ती जाताना नेस्टा मचाणावरून पाहत होती. भिंत तहानेने नव्हे, बुडून जाते आहे, हे तिला आता ठाऊक होते, आणि ती गप्प होती. मित्रांनो, माझा राग कुणावर असायचा तर तो त्या दिवसांवर आहे. त्याआधी कुणालाच काही माहीत नव्हते.

सोमवार आला. बँड आला. चहाघरात केकचे ढीग लागले. माझ्या प्रत्येक वाटेवर माणसे उभी राहिली. आजी, बाप, पोरे, खेळण्यातल्या बादल्या घेतलेली बाळे. किती वर्षांत माझ्यात एवढी माणसे नव्हती! सगळी माझ्याकडे मायेने पाहत होती. एक मुलगा माझ्या फांदीला हात लावून म्हणाला, "आता बरं वाटेल हं तुला." मला पाय असते तर मी पळून गेलो असतो.

ठरले असे होते की नेस्टा मचाणावरून एक, दोन, तीन म्हणेल आणि सगळे एकदम ओततील. बँड थांबला. जाइल्सने टोपी हलवली.

"एक," नेस्टा म्हणाली. मग ती म्हणाली, "थांबा."

लोक हसले. "अगं नेस्टा," मॉरीन खालून ओरडली, "एकानंतर दोन येतात! शाळा लवकर सोडलीस त्याचा हा परिणाम!"

आणखी हशा झाला.

"मॉरीन, ओतू नकोस," नेस्टा म्हणाली. वाटा सांगून कमावलेला तिचा आवाज त्या दिवशी बारीक झाला होता. "कुणीच ओतू नका. त्याला तहान नाही. आपण त्याला बुडवतोय."



"काय म्हणालीस?" मॉरीनने विचारले.

"खाली सगळं पाणीच आहे. मुळं कुजलीत. मला... मला जुलैपासून माहीत आहे. तुझ्या तोंडावर म्हणवेना."

"मी मांडीवर घेऊन येत होते ते पाणी."

"माहीत आहे मला."

"आणि तू रोज म्हणायचीस, किती करतेस म्हणून."

"हो."

मागून एका माणसाने अगदी अदबीने विचारले, "माफ करा हं, पण मग हे पाणी आता कुठं ओतायचं?" त्यावर कुणीही हसले नाही. जाइल्सने कोपऱ्यातली कुदळ आणली आणि माझ्या मधल्या वर्तुळाजवळ एक खड्डा केला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो खालून भरला. वास पसरला, तसे आयांनी मुलांची नाके रुमालाने झाकली. जाइल्स त्या काळ्या पाण्याकडे पाहत राहिला. "चर," तो स्वतःशीच म्हणाला. "मी चर बुजवला."

मॉरीनने आपली बादली जमिनीवर ठेवली, भरलेली, झाकण तसेच. ती वळली आणि निघून गेली. तिला इथल्या सगळ्या वाटा पाठ होत्या, तरी त्या दिवशी ती दोनदा चुकली. नेस्टाने मचाणावरून तिला वाट सांगितली नाही.

दुसऱ्या आठवड्यात चर उकरला. फळ्या काढल्या, वाटांची खडी फोडली. कितीतरी दिवस माझ्यातून काळे पाणी वाहत गेले. ते कमी होत गेले तसा मुळांशी पुन्हा वारा आला. पण तो लागायला माझ्याकडे टोके फार थोडी उरली होती. वाळलेल्या झाडांपैकी जी पुरती मेली होती ती उपटली. ज्यांच्या सालीखाली अजून ओलावा होता ती बुंध्यापर्यंत छाटली. यूच्या जातीला एक वर आहे. जुन्या, उघड्या लाकडातूनही आम्हाला फुटवा येऊ शकतो. सुईसारख्या पानांच्या बहुतेक झाडांना ते जमत नाही. येऊ शकतो, असे मी म्हणालो. आमच्यातही तो नेहमी येतो असे नाही.

आता मी कसा दिसतो ते सांगतो. मधले वर्तुळ हिरवे आहे. त्याभोवती खुंट आहेत आणि खुंटांमध्ये मोकळी जागा. दारातून शिरणारा माणूस सरळ चालत मध्यावर येतो. त्याला काही विचार करावा लागत नाही. मुले येतात, मचाणाला हात लावतात आणि विचारतात, "एवढंच?" जाइल्सने मला अजून उपटलेले नाही. "एक वर्ष बघू," तो म्हणाला आहे. ते वर्ष चालू आहे. भूलभुलैयाला थोडेसे जिवंत राहून चालत नाही. एक झाड गेले की भिंतीला दार पडते, आणि एक दार पडले की कोडे संपते. मला सगळे परत हवे आहे, किंवा काहीच नको. हे बोलायला कठोर वाटते. पण मी घाबरलो आहे, मित्रांनो. घाबरलेल्याला नीट बोलता येत नाही.

नेस्टा रोज सकाळी येते. प्रत्येक खुंटाशी बोट मातीत घालते, नाकाशी नेते, आणि पुढे जाते. गेल्या आठवड्यात ती आग्नेयेच्या एका खुंटापाशी बसली आणि उठलीच नाही. मग फोन करायला घरात गेली. त्यानंतर तासाभराने बस थांबल्याचा आवाज आला, आणि वाटेवर जी पावले ऐकू आली ती मी त्या सोमवारनंतर ऐकली नव्हती. मॉरीन आली होती. मोकळ्या हातांनी. दोघीही एकमेकींकडे न पाहता खुंटासमोर गुडघे टेकून बसल्या.

"हे बघ, हिरवं," नेस्टा म्हणाली.

मॉरीनने वाकून पाहिले. "शेवाळं आहे ते."

"कोंब आहे."

"शेवाळं आहे म्हणते ना. ओलाव्यावर येतंच ते."

"चष्मा पूस आधी. त्याच्यावर बसमधली धूळ आहे."

मॉरीनने चष्मा पुसला. पुन्हा पाहिले. बराच वेळ पाहिले. "मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "आणि मी काही आता तुझ्यासाठी म्हणून कोंब आहे असं म्हणणार नाही हं."

"नकोच म्हणूस," नेस्टा म्हणाली, आणि रडू लागली.

तो ठिपका कशाचा आहे हे मला माहीत नाही. तो माझ्या अंगावर आहे, तरी तो माझा आहे की नाही हे मला अजून जाणवलेले नाही. मित्रांनो, माझा जीव कुणी शत्रू घेत नव्हता. ज्यांचे माझ्यावर प्रेम होते त्यांनी तो आणलेल्या पाण्यासह ओतला, आणि जिला खरे कळले होते तिने तो भिडेपायी जाऊ दिला. तुमच्या गॅलरीतल्या कुंडीला, तुमच्या अंगणातल्या झाडाला पाणी घालण्याआधी एकदा बोट मातीत घालून पाहा. आणि कुणाचे चुकते आहे हे तुम्हाला कळले, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. त्याला वाईट वाटू द्या. मागून येणाऱ्या वाईटापेक्षा ते फार लहान असते.

वसंत यायला अजून वेळ आहे. तुम्ही इकडे आलात, तर आग्नेयेच्या त्या खुंटापाशी वाकून पाहा. पण त्याला हात लावू नका, आणि कितीही माया आली तरी त्याच्याशी काहीही ओतू नका. फक्त थांबा. मीही थांबलो आहे.